बारा पुरेत की सोळा हवेत? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये निम्म्याहून अधिक प्रश्न अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या बाद फेरीबद्दल आहेत. पुण्यातल्या घराघरांतली मुलं तिकडे शिकायला गेल्याचा हा परिणाम. आधीच सांगून टाकतो, हे डेक्कनवर पायाने खेळतात ते फुटबॉल नव्हे. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि हातात लंबगोल चेंडू असलेला हा खेळ आहे. स्पर्धेत संघ किती घ्यायचे, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच. एक पत्र इथल्या आयोजकाचं आहे, त्याला सविस्तर उत्तर दिलं आहे.

मुलगी ओहायोत एमएस करते. प्लेऑफमध्ये चाराचे बारा संघ झाले, आता सोळा करा म्हणून तिकडे वाद चालू आहे, असं ती सांगते. एवढं भांडण कशाला? साखळी खेळवा, गुणतक्ता लावा, विषय संपला! – वाचक, कोथरूड

साखळी खेळवायची तर हिशेब करून बघा. सर्वोच्च श्रेणीत २०२५ च्या मोसमात १३६ संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं म्हटलं तर ९,१८० सामने होतात. या खेळात शरीराला आठवड्याला एकच सामना झेपतो, म्हणजे एका संघाला १३५ आठवडे लागणार. मुलीचं एमएस संपेल, साखळी संपणार नाही. त्यामुळे प्रत्यक्षात प्रत्येक संघाला मिळतात फक्त १२ सामने, तेही बरेचसे आपल्याच गटात. या गटांना कॉन्फरन्स म्हणतात. मोठ्या कॉन्फरन्स चार: एसईसी, बिग टेन, एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह. नावांवर जाऊ नका. बिग टेनमध्ये १८ संघ आहेत आणि बिग ट्वेल्व्हमध्ये १६.

मग दोन संघ दहा-दहा सामने जिंकून येतात, पण त्यांचे प्रतिस्पर्धी वेगळे असतात. त्यांत सरस कोण, हे गुणतक्ता सांगू शकत नाही. म्हणून १३ जणांची निवड समिती बसते. मोसमाच्या उत्तरार्धात ती दर आठवड्याला पहिल्या २५ संघांची क्रमवारी लावते आणि शेवटच्या क्रमवारीवरून बाद फेरीतले संघ ठरतात. पुणेकरांना हे पुरुषोत्तम करंडकावरून चटकन कळेल. प्राथमिक फेरीत ५१ एकांकिका होतात आणि अंतिम फेरीत नऊ जातात. दहावा कोण होता यावर भरत नाट्य मंदिराबाहेर चहा गार होईपर्यंत चर्चा रंगते. फरक एवढाच की करंडकाच्या परीक्षकांनी २०२२ मध्ये करंडक कोणालाच न देण्याचा निर्णय घेतला होता. अमेरिकेतल्या समितीला ती मुभा नाही. जागा भराव्याच लागतात.

१९९८ ते २०१३ या मोसमांत फक्त दोन संघ थेट अंतिम सामना खेळायचे. २०१४ पासून चार झाले आणि २०२४ पासून बारा. आता सोळाची मागणी आहे.

सोळा करावेत की नाही? ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ छापाचं उत्तर नको. – वाचक, सदाशिव पेठ

करू नयेत. चाराचे बारा केले ते योग्यच झालं. बाराचे सोळा करण्यासाठी तितकं सबळ कारण नाही.

रेषा कुठेही ओढा, तिच्या लगेच बाहेर कोणीतरी उभा असतोच. त्याची तक्रार किती वजनाची आहे, ते बघायचं. २०२३ मध्ये चारच जागा होत्या. फ्लोरिडा स्टेटने १३ पैकी १३ सामने जिंकले होते आणि एसीसीचं विजेतेपदही मिळवलं होतं. तरी समितीने त्यांना पाचवं ठेवलं, कारण त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा गडी, मोसमाच्या अखेरीस जायबंदी झाला होता. एक सामना हरलेला अलाबामा आत गेला. एकही सामना न हरता स्पर्धेबाहेर! ही तक्रार जड होती. पुढच्याच वर्षी बारा संघांचा पहिला मोसम झाला आणि ओहायो स्टेट विजेता ठरला. समितीच्या क्रमवारीत तो सहावा होता. जुन्या पद्धतीत त्याला घरी बसूनच अंतिम सामना पाहावा लागला असता. म्हणजे विस्ताराने खरोखर एक लायक विजेता दिला.

आता २०२५ घ्या. सर्वांत मोठा कल्ला नोत्र दामचा झाला. १० विजय, २ पराभव, क्रमवारीत अकरावा, तरी बाहेर. कारण त्या वर्षी क्रमवारीत सर्वांत वरच्या पाच कॉन्फरन्स-विजेत्यांना जागा राखीव होत्या. त्यांपैकी ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन क्रमवारीत बरेच खाली होते, पण शेवटच्या दोन जागा त्यांना मिळाल्या. दहावी जागा मायामीची होती. मायामीचाही हिशेब १०-२ असाच होता आणि मोसमाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी नोत्र दामला २७-२४ असं हरवलं होतं. गंमत अशी की समितीने कितीतरी आठवडे नोत्र दामला मायामीच्या वर ठेवलं आणि अगदी शेवटच्या दिवशी उलटापालट केली. नोत्र दामचा राग समजण्यासारखा आहे, पण तो जागांच्या संख्येवर नसून समितीच्या कामकाजावर आहे. आमनेसामनेचा निकाल पहिल्या आठवड्यापासून समोर होता, तो शेवटच्या दिवशी का आठवावा? नंतर मायामी थेट अंतिम फेरीत पोहोचला.

त्या वर्षी सोळा संघ असते तर आणखी कोण आत आलं असतं? अकरा ते चौदा क्रमांकांचे: नोत्र दाम, ब्रिगहॅम यंग, टेक्सस आणि व्हँडरबिल्ट. ब्रिगहॅम यंग दोनच सामने हरला होता, पण दोन्ही वेळा टेक्सस टेककडूनच आणि दोन्ही वेळा सपाटून. त्याच टेक्सस टेकला समितीने चौथं मानांकन दिलं होतं. टेक्सस तीन सामने हरला होता, त्यांतला एक अशा फ्लोरिडाकडून, ज्याला अख्ख्या मोसमात चारच विजय मिळाले. या चौघांची तक्रार आणि १३-० अशा फ्लोरिडा स्टेटची तक्रार एका तागडीत तोलता येणार नाहीत.

पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत बाय मिळते, म्हणजे न खेळताच पुढची फेरी. विश्रांती म्हणजे फायदाच. मग बायवाले हरतात कसे? – वाचक, औंध

प्रश्न अगदी नेमका आहे. दोन मोसमांत मिळून आठ संघांना बाय मिळाली आणि त्यांतले सात आपल्या पहिल्याच सामन्यात हरले. २०२४ मध्ये ऑरेगन, जॉर्जिया, बॉइसी स्टेट आणि ॲरिझोना स्टेट हे चौघेही गेले. २०२५ मध्ये ओहायो स्टेट, जॉर्जिया आणि टेक्सस टेक गेले. टिकला एकटा इंडियाना. त्याने अलाबामाला ३८-३ असं धुतलं आणि १६ पैकी १६ सामने जिंकून विजेतेपदही नेलं.

आठ सामन्यांवरून नियम काढू नये, हे मान्य. २०२४ मध्ये बाय चार कॉन्फरन्स-विजेत्यांनाच द्यायची असा दंडक होता, त्यामुळे क्रमवारीत नववा असलेला बॉइसी स्टेट तिसरा मानांकित झाला आणि बारावा ॲरिझोना स्टेट चौथा. ते हरले यात आश्चर्य नव्हतंच. २०२५ पासून हा दंडक काढला आणि क्रमवारी तेच मानांकन केलं. तरीही चारपैकी तिघे हरले, म्हणून आणखी दोन कारणं बघावी लागतात.

पहिलं कारण तारखांचं. २०२४ मध्ये ऑरेगनने ७ डिसेंबरला कॉन्फरन्सचा अंतिम सामना खेळला आणि पुढचा सामना थेट १ जानेवारीला. मध्ये २५ दिवस गेले. समोरच्या ओहायो स्टेटने २१ डिसेंबरला पहिली फेरी खेळली होती. एवढ्या लांब सुट्टीत दुखापती भरून येतात हे खरं, पण धडक घेण्याची, वेळ साधण्याची सवय सुटते. ती सरावात येत नाही, कारण सरावात कोणी आपल्याच गड्याला पूर्ण जोराने आदळत नाही. त्या दिवशी ओहायो स्टेटने ४१-२१ असा निकाल लावला.

दुसरं कारण मैदानाचं, आणि ते आम्हाला जास्त खटकतं. पाच ते आठ मानांकित संघ पहिल्या फेरीचा सामना आपल्या घरच्या मैदानावर खेळतात. दोन मोसमांतल्या अशा आठ सामन्यांपैकी सहा यजमानांनी जिंकले. पहिल्या चौघांना घरचा सामना मिळतच नाही. त्यांचा उपांत्यपूर्व सामना रोझ बोल, शुगर बोल अशा पारंपरिक सामन्यांच्या तटस्थ मैदानांवर होतो. म्हणजे वर्षभर उत्तम खेळून पहिलं यायचं, आणि घरच्या प्रेक्षकांपुढे खेळायची संधी आठव्या क्रमांकाने घ्यायची! उपांत्यपूर्व सामनेही वरच्या मानांकिताच्या मैदानावर ठेवावेत आणि पहिली फेरी आठवडाभर अलीकडे आणावी. संघ वाढवण्याआधी एवढं तरी करावं.

सोळाच्या योजना नेमक्या काय आहेत? आणि या मुलांनी अभ्यास कधी करायचा? – वाचक, विमाननगर

मुख्य योजना दोन. पहिलीत पाच कॉन्फरन्स-विजेते आणि बाकीचे अकरा संघ क्रमवारीने. दुसरीत एसईसी आणि बिग टेनला प्रत्येकी चार जागा कायमच्या, एसीसी आणि बिग ट्वेल्व्हला दोन-दोन, छोट्या कॉन्फरन्सना मिळून एक, आणि तीन जागा खुल्या. बिग टेनकडून तर चोवीस संघांचीही भाषा झाली. एसईसी आणि बिग टेन यांचं एकमत न झाल्याने २०२६ च्या मोसमातही बाराच राहिले.

जागा आधीच वाटून टाकायची पद्धत आपल्याला नवी नाही. आंतरविद्यापीठ फुटबॉलमध्ये चारही विभागांतून ठरावीक संघ अखिल भारतीय फेरीला जातात. पण तिथे सगळ्या विभागांना जागा समान असतात आणि त्या त्याच वर्षी मैदानावर मिळवाव्या लागतात. कोणाला चार आणि कोणाला दोन हे मोसमाचा पहिला चेंडू पडण्याआधीच ठरवून ठेवायचं, हे आम्हाला पटत नाही. त्यातल्या त्यात पाच अधिक अकरा ही योजना बरी.

पैशाचा भाग दडवण्यात अर्थ नाही. प्रक्षेपणाचा चालू करार सहा वर्षांसाठी ७.८ अब्ज डॉलरचा आहे, आणि सामना वाढला की विकायला आणखी एक संध्याकाळ मिळते. खेळाडूंच्या बाजूने बघा. १२ साखळी सामने, कॉन्फरन्सचा एक अंतिम सामना आणि बाय नसेल तर बाद फेरीचे चार, असे १७ सामने होऊ शकतात. व्यावसायिक एनएफएलच्या साखळी मोसमात तेवढेच सामने असतात. सोळा संघ केले की बाय संपते, म्हणजे कॉन्फरन्सचा अंतिम सामना खेळलेल्या दोन्ही अंतिम स्पर्धकांना १७ ठरलेलेच. चोवीस केले तर बाय न मिळालेल्याला १८. कॉन्फरन्सचा अंतिम सामना रद्द केला तर एक वाचतो, पण तो पैसा सोडायला कॉन्फरन्स सहजी तयार होत नाहीत.

अभ्यासाबद्दल काय सांगणार? सत्राच्या परीक्षा डिसेंबरमध्येच असतात. त्यातच संघ बदलण्याची खिडकी, म्हणजे दुसऱ्या कॉलेजात जाण्यासाठी नाव नोंदवायची ठरावीक मुदत. २०२४ च्या डिसेंबरात पेन स्टेटचा राखीव क्वार्टरबॅक प्लेऑफ सुरू होण्याआधीच दुसऱ्या कॉलेजच्या शोधात निघून गेला. नंतर ही खिडकी जानेवारीत हलवली, ते बरं झालं.

आमच्या कॉलेजतर्फे डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धा घ्यायची आहे. मैदान एकच, चार दिवसांसाठी. बारा संघ येतील. गेल्या वर्षी बायचा घोळ होऊन भांडणं झाली. ड्रॉ कसा काढायचा? सोळा घेतले तर? – आयोजक, कर्वेनगर

घोळ बहुधा असा झाला असणार: बारा संघांचे सहा सामने लावले, सहा विजेत्यांचे तीन सामने झाले, आणि मग तिघेच उरले. एकाला चिठ्ठी टाकून उपांत्य फेरीत बाय, तो थेट अंतिम सामन्यात. भांडण होणारच. एकच नियम पाठ करा. बाय द्यायची ती पहिल्याच फेरीत, पुढे कधीच नाही.

किती बाय? २, ४, ८, १६, ३२ या रांगेतला संघसंख्येच्या वरचा आकडा घ्या आणि त्यातून संघ वजा करा. बारा संघांना १६ वजा १२, म्हणजे चार बाय. तेरा आले तर तीन बाय आणि पहिल्या फेरीत पाच सामने. एकूण सामने नेहमी संघांपेक्षा एक कमी, कारण प्रत्येक सामन्यात एकच बाद होतो. बाराला अकरा आणि सोळाला पंधरा. तिसऱ्या क्रमांकासाठी खेळवलात तर एक वाढवा.

आता कागदावर वरून खाली सोळा ओळी आखा आणि त्यांत या क्रमाने मानांकनं लिहा: १, बाय, ८, ९, ५, १२, बाय, ४. इथे वरचा अर्धा भाग संपला. खालचा: ३, बाय, ११, ६, ७, १०, बाय, २. दोन-दोन ओळींचा एक सामना. बरोबर जमलं का ते बेरजेने तपासा. पहिल्या फेरीत प्रत्येक जोडीची बेरीज १७ यायला हवी: ८ आणि ९, ७ आणि १०, ६ आणि ११, ५ आणि १२. वरचे मानांकित जिंकत गेले तर उपांत्यपूर्व फेरीत बेरीज ९ येते आणि उपांत्य फेरीत ५. कुठे बेरीज चुकली तर तिथेच ओळ चुकली आहे. अमेरिकेतली बारा संघांची बाद फेरीही याच तक्त्यावर चालते.

बारा संघांना मानांकन द्यायला माहिती नसते, आणि ओढूनताणून देऊही नका. गेल्या वर्षीचे चार उपांत्य संघ १ ते ४ वर ठेवा आणि बाकी आठांच्या चिठ्ठ्या सगळ्या संघांच्या प्रतिनिधींसमोर काढा. एकाच संस्थेची दोन कॉलेजं असतील तर एक वरच्या अर्ध्यात, एक खालच्या अर्ध्यात. हा नियम चिठ्ठ्या काढण्याआधी जाहीर करायचा. ड्रॉ लागल्यावर एखादा संघ आलाच नाही, तर समोरच्याला पुढे चाल द्या. पुन्हा ड्रॉ काढू नका. पुन्हा काढला की ज्यांना सोपा प्रतिस्पर्धी मिळाला होता ते सगळे टेबलाभोवती जमतात.

वेळेचा हिशेब: ३० मिनिटांचे दोन डाव, १० मिनिटं मध्यंतर, बरोबरी झाल्यास जादा वेळ न देता थेट पाच-पाच पेनल्टी, त्याला साधारण १२ मिनिटं. संघ उतरायला-चढायला आठ. एका सामन्याला ९० मिनिटं धरा. सकाळी ७.३०, ९ आणि १०.३०, दुपारी २.४५ आणि ४.१५, असे दिवसाला पाच सामने बसतात. शेवटचा ४.३० ला ठेवायचा मोह टाळा. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि दिवे नसलेल्या मैदानावर पेनल्टी अंधुक उजेडात माराव्या लागतात. गोलरक्षकाची तक्रार तेव्हा खोटी म्हणता येत नाही.

त्यानुसार पहिल्या दिवशी चार सामने, दुसऱ्या दिवशी उपांत्यपूर्व चार, तिसऱ्या दिवशी उपांत्य दोन, चौथ्या दिवशी तिसरा क्रमांक आणि अंतिम. बारा संघ चार दिवसांत आरामात. पहिल्या दिवशी दुपारी खेळलेल्या संघाला दुसऱ्या दिवशी सकाळी ७.३० ला उतरवू नका. त्यांचा उपांत्यपूर्व सामना दुपारी ठेवा. सोळा घेतले तर पहिल्या फेरीत आठ सामने होतात आणि ते एका दिवसात बसत नाहीत. पाचवा दिवस मिळत असेल तरच सोळा घ्या.

एक पर्याय मात्र जरूर तपासा. बाद पद्धतीत पहिल्या फेरीत हरणारी पोरं साठ मिनिटं खेळून घरी जातात, तीही प्रवेश शुल्क भरून. तीन-तीन संघांचे चार गट केले तर साखळीचे १२ सामने, मग गटविजेत्यांचे दोन उपांत्य आणि एक अंतिम, मिळून १५. हे चार दिवसांत बसतात आणि प्रत्येक संघाला निदान दोन सामने मिळतात. तीनच्या गटात धोका असतो शेवटच्या सामन्याचा. दोघांना सोयीचा निकाल ठाऊक असतो आणि तिसरा नुसता बघत बसतो. त्यावर उपाय असा: पहिल्या सामन्यात हरलेल्या संघाला लगेच तिसऱ्या संघाशी खेळवायचं आणि पहिल्या सामन्याच्या विजेत्याला शेवटी. बरोबरी झाली तर कोणी आधी खेळायचं, ते चिठ्ठीने आधीच ठरवून ठेवा. गुण सारखे झाल्यास आधी गोलफरक, मग केलेले गोल, मग पेनल्टी. हे माहितीपत्रकात छापा. तोंडी सांगितलेलं शेवटच्या दिवशी कोणालाच आठवत नाही.

खेळाडूंची ओळखपत्रं आणि बोनाफाइड पहिल्या सामन्याआधी तपासून त्यांची यादी बंद करा. सारख्या रंगाच्या जर्सी निघतात, म्हणून बिबचे दोन संच टेबलावर असू द्या. उशिरा येणाऱ्या संघासाठी किती थांबायचं तेही लिहून ठेवा, पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. लकडी पुलावर गाडी अडकली, हे कारण पुण्यात कायमच खरं असतं.

अमेरिकेतला अंतिम सामना इथून थेट बघायचा तर किती वाजता उठायचं? – वाचक, पिंपळे सौदागर

हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेत साडेदहा तास मिळवा. अंतिम सामना सोमवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी सकाळी सहाला. घड्याळावर सामना साठ मिनिटांचा असला तरी चेंडू थांबला की घड्याळही बऱ्याचदा थांबतं, वर जाहिराती असतात. साडेतीन तास धरूनच बसा. तिकडे दुपारी बाराला सुरू होणारे शनिवारचे सामने इथे नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत रात्री साडेनऊला आणि त्यानंतर साडेदहाला लागतात, ते त्यातल्या त्यात सोयीचे.